घरच्या सॉकेटवर विजेची गाडी : आधी अर्थिंग, मग चार्जिंग

भाकरी झाल्या असतील, ओटा पुसून झाला असेल. घटकाभर बसा. आजचा विषय विजेच्या गाडीचा आहे. तुम्ही म्हणाल, आमच्या दारात अजून साधी चारचाकी नाही, विजेची कुठून येणार? पण मी घरोघरी वायरिंगची कामं करते. आयटीआयला वीजतंत्रीचं शिकले आणि तेव्हापासून हेच काम करते. पारोळा, एरंडोल, अमळनेर, धुळे तालुक्यातल्या गावांत आता कोणाच्या दारात विजेची स्कूटर दिसते, कोणाच्या वाड्यात मुलानं आणलेली विजेची छोटी कार दिसते. गाडी घेताना घरातल्या बाईला कोणी फारसं विचारत नाही. पण ती रात्रभर घरात वीज घेत असते, तेव्हा घरात झोपलेली तीच असते. म्हणून हे तिला माहीत पाहिजे.

एका घरातली गोष्ट सांगते. दोन हिवाळ्यांमागची आहे. रात्री अकराच्या सुमाराला मला फोन आला. शहरात नोकरी करणारा मुलगा शनिवारी गाडी घेऊन गावी आला होता. गाडीसोबत कंपनी एक चार्जर देते. जाड वायर असते, मध्ये एक डबी, एका टोकाला आपल्या गिझरसारखा तीन पिनांचा मोठा प्लग आणि दुसऱ्या टोकाला गाडीत खुपसायची बंदूक. मुलानं ओसरीत पाहिलं, जवळचं सॉकेट घरघंटीचं होतं. घरघंटी काढली, चार्जर लावला, हिरवा दिवा लागला आणि सगळे जेवायला बसले.

ते सॉकेट होतं माजघराच्या भिंतीत. आणि माजघरात छतापर्यंत कापूस भरला होता. भाव वाढेल म्हणून विकायचा थांबवलेला, पूर्ण हंगामाचा कापूस.

घरातल्या आजी पहिल्यांदा उठल्या. म्हणाल्या, "काहीतरी जयाना वास यी ऱ्हायना." कोणी लक्ष दिलं नाही. आजी पुन्हा म्हणाल्या, तेव्हा सुनेनं जाऊन पाहिलं. सॉकेट तपकिरी झालं होतं, प्लगाची एक पिन मऊ प्लास्टिकमध्ये रुतली होती, आणि दोन हातांवर कापसाचा ढीग. त्या बाईनं प्लगाला हात लावला नाही. ती थेट मीटरपाशी गेली आणि मेन स्विच पाडला. तेवढ्यानं घर वाचलं, कापूस वाचला. आजींचं नाक आणि सुनेचं डोकं, दोन्ही कामाला आलं.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. गाडीत दोष नव्हता. चार्जरमध्येही नव्हता. दोष भिंतीत होता. तो कसा, ते समजून घेऊ.

मोठं काम आणि लांब काम

घरघंटीची मोटर साधारण एक हॉर्सपॉवरची असते, म्हणजे साडेसातशे वॉट. अर्धा तास दळण झालं की बंद. गिझर दोन हजार वॉटचा असतो, पंधरा-वीस मिनिटांत पाणी तापतं आणि तो आपोआप थांबतो. इस्त्रीही मध्येमध्ये थांबते.

गाडीचा हा घरगुती चार्जर पूर्ण ताकदीनं चालला तर ३३०० वॉट घेतो. आपला छताचा पंखा ७५ वॉटचा धरा. म्हणजे एका वेळी ४४ पंखे लावल्यासारखं झालं. आणि ते अर्धा तास नाही, आठ-नऊ तास सलग. मध्ये विसावा नाही.

जोराची आच पाच मिनिटं लावली तर तवा तापतो आणि निवतो. मंद आच रात्रभर ठेवली तर जाड बुडाचं पातेलंही लागतं. वायरीचं तसंच आहे. सॉकेटच्या आत पितळेच्या पट्ट्या असतात. जुन्या झाल्या की त्या सैल होतात. सैल जागेतून वीज गेली की तिथे उष्णता होते. दहा मिनिटांचं काम असेल तर ती जागा तापते आणि निवते, आपल्याला कळतही नाही. आठ तासांचं काम असेल तर उष्णता साठत जाते, पट्टी आणखी सैल होते, मग आणखी तापते. त्या माजघरात हेच झालं. घरघंटी पाच वर्षं त्याच सॉकेटवर विनातक्रार चालली होती. म्हणून सगळ्यांना वाटलं, सॉकेट चांगलं आहे.

म्हणून पहिला नियम. "आजवर काही झालं नाही" हा गाडीच्या चार्जिंगसाठी पुरावा नाही.

कमी ताकदीचा चार्जर म्हणजे काय?

आता थोडा हिशेब करू. बचत गटात आपण व्याजाचा हिशेब करतो, त्याहून हा सोपा आहे.

एक हजार वॉटचं यंत्र एक तास चाललं की एक युनिट वीज लागते. बिलावर जे युनिट छापून येतात ते हेच. गाडीच्या बॅटरीचं माप पण युनिटमध्येच असतं. एमजी कॉमेट किंवा टाटा टियागोसारख्या छोट्या विजेच्या गाड्यांची बॅटरी साधारण १७ ते २४ युनिटांची असते. बॅटरी म्हणजे रांजण समजा आणि चार्जर म्हणजे नळाची धार. रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनची धार मोठी असते, रांजण तासाभरात बराच भरतो. घरच्या चार्जरची धार बारीक. पण रात्र मोठी असते. आपण झोपलो की रांजण भरत राहतो.

या बारीक धारेचेही दोन प्रकार आहेत. १५ अँपिअरवर चार्जर तासाला सव्वातीन-साडेतीन युनिट घेतो. काही चार्जरांवर बटण असतं, किंवा गाडीच्या पडद्यावर सोय असते, त्यातून ती धार १० अँपिअरवर आणता येते. तेव्हा तासाला २.३ युनिट लागतात. २४ युनिटांची बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर १५ अँपिअरवर साडेआठ-नऊ तास लागतात, १० अँपिअरवर बारा-तेरा तास.

मग हळू का भरायचं? कारण उष्णता. वीज दीडपट झाली की सैल जागेतली उष्णता दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. उलट, १५ वरून १० वर आलं की तीच उष्णता निम्म्याहून कमी होते. वेळ दीडपट लागेल, पण भिंत निवांत राहील. घाई नसेल त्या रात्री धार बारीकच ठेवा.

आणि गाडी रोज पूर्ण रिकामी होते कुठे? समजा तुमच्या घरातलं कोणी धरणगावहून जळगावला रोज जाऊन येतं. जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर धरा. छोटी गाडी एका युनिटात सात किलोमीटर जाते असं धरलं, तर बॅटरीतून १० युनिट गेले. भरताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर ११ युनिट पडतील. १० अँपिअरच्या बारीक धारेनंसुद्धा ते पाच तासांत भरून निघतात. रात्री अकराला लावलं की पहाटे चारला काम झालं.

पण जळगावहून धुळ्याला जाऊन त्याच दिवशी परत यायचं असेल तर? नव्वदेक किलोमीटर एका बाजूचे. जाऊन-येऊन १८०. त्याला २५-२६ युनिट लागतील, म्हणजे छोट्या गाडीच्या रांजणापेक्षा जास्त. अशा दिवशी घरच्या चार्जरवर भागत नाही, वाटेत मोठ्या धारेच्या स्टेशनवर थांबावं लागतं. गाडी घेण्याआधी हा हिशेब घरात मांडा. रोजचं अंतर किती, आठवड्यातलं लांबचं अंतर किती, माहेर किती लांब, दवाखाना किती लांब.

आणखी एक. आपल्याकडे संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, टीव्ही, मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. २३० च्या जागी १८० व्होल्ट आले की १० अँपिअरवर तासाला २.३ ऐवजी १.८ युनिटच भरतील. काही चार्जर तर कमी व्होल्टेजला थांबूनच जातात. म्हणून दहा-अकरानंतर लावलेलं बरं. गाडीच्या पडद्यावर किंवा मोबाइलवर वेळ लावून ठेवायची सोय असते, ती मुलांकडून करून घ्या. मात्र पहिले काही दिवस जागेपणीच चार्जिंग करून पाहा. ते का, ते पुढे सांगते.

लाल दिवा लागला तर त्याच्यावर रागावू नका

या चार्जरच्या डबीत एक शहाणपण भरलेलं असतं. वीज सुरू करण्याआधी ती डबी पाहते, घराला अर्थिंग आहे का? नसेल तर लाल दिवा लावते आणि वीज पुढे जाऊ देत नाही. मला सगळ्यात जास्त फोन याच कारणासाठी येतात. "ताई, चार्जर खराब निघाला." मी जाऊन बघते तर चार्जर ठणठणीत असतो, घराला अर्थिंगच नसतं. तीन पिनांचं सॉकेट आहे, पण वरच्या मोठ्या भोकाच्या मागे वायरच जोडलेली नाही. किंवा वायर आहे, पण ती कुठेतरी नळाला गुंडाळून सोडून दिलेली. आता नळ प्लास्टिकचे झाले, त्याचा काय उपयोग?

अर्थिंग म्हणजे चुकून बाहेर आलेल्या विजेला जमिनीत जायची सोपी वाट. गाडीचा सांगाडा लोखंडी आहे. बिघाड होऊन वीज त्या पत्र्यावर आली आणि अर्थिंग नसेल, तर गाडी धुणाऱ्या बाईच्या ओल्या हातातून आणि ओल्या पायातून ती वीज जमिनीत जाईल. अर्थिंग असेल तर ती वायरीतून जाईल आणि स्विच पडेल.

इथे काही जण एक भयंकर युक्ती करतात. सॉकेटमध्ये अर्थच्या पिनेला न्यूट्रलची वायर जोडून देतात. डबी फसते, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. मैत्रिणींनो, हे कोणालाही करू देऊ नका. पुढे कधी खांबापासून येणारी न्यूट्रल तुटली, आणि वाऱ्या-वादळात ती तुटते, तर गाडीच्या पूर्ण पत्र्यावर वीज उतरते. लाल दिवा म्हणजे दारात भुंकणारा कुत्रा. त्याचं तोंड बांधून चोर जात नाही.

अर्थिंग नीट आहे हे कसं कळेल? वायरमनला मीटर लावून तीन आकडे दाखवायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये जेवढे व्होल्ट, जवळजवळ तेवढेच फेज आणि अर्थ यांच्यामध्ये आले पाहिजेत. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नको. तिन्ही आकडे वहीत लिहून घ्या. दर उन्हाळ्यात पुन्हा मोजा.

उन्हाळ्यात का? तापीकाठची, गिरणाकाठची आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती सुकते, पाइपापासून सुटते आणि वाट तुटते. म्हणून त्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात पाणी घालायचं असतं. तुळशीला पाणी घालता, तेव्हा आठवड्यातून एक-दोन कळशा त्या खड्ड्यालाही घाला. पुढे शेजारी भांडी घासायची मोरी असेल तर खड्डा तिच्या जवळच घ्या, म्हणजे ओल टिकते.

भिंतीत काय करून घ्यायचं?

आता कामाची यादी. वायरमनसमोर वाचून दाखवली तरी चालेल.

एक. गाडीसाठी मीटरच्या बोर्डापासून वेगळी लाइन ओढायची. त्या लाइनवर दुसरं काहीही नको, ना फ्रिज, ना घरघंटी.

दोन. वायर तांब्याची, आयएसआय छापाची, ४ चौरस मिलिमीटर जाडीची. जुन्या घरांत ॲल्युमिनियमच्या वायरी आहेत, त्यांच्या जोडावर गाडी लावू नका.

तीन. सॉकेट नवं, १६ अँपिअरचं, चांगल्या बनावटीचं. पिन घातली की घट्ट बसली पाहिजे, लोंबकळता कामा नये.

चार. त्या लाइनला स्वतःचा एमसीबी. १६ की २० अँपिअरचा, ते वायर आणि सॉकेट पाहून वायरमन ठरवेल. जास्त वीज ओढली गेली की तो पडतो.

पाच. त्याच्यासोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. गावात याला ईएलसीबी पण म्हणतात. एमसीबी वायरीला वाचवतो, आरसीसीबी माणसाला वाचवतो. वीज कुठे गळते असं दिसलं की तो क्षणात पाडतो. चार्जरसाठी 'ए' प्रकारचा मागा. त्याच्यावर एक छोटं चाचणीचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं. पडला तर जिवंत आहे. नाही पडला तर बदलायचा.

सहा. एक्स्टेन्शन बोर्ड नाही. मंडपवाल्याची गुंडाळलेली वायर तर मुळीच नाही. गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, आतल्या आत वितळते.

सात. जागा. कापूस, कडबा, भुसा, गवऱ्या, गॅसची टाकी, फवारणीची औषधं यांच्या जवळ सॉकेट नको. आपल्याकडे दिवाळीपासून शिमग्यापर्यंत घराघरात कापूस असतो. ते चार-पाच महिने विशेष जपायचं. सॉकेट कंबरेच्या वर, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा जागी. चार्जरची डबी प्लगावर लोंबकळत ठेवू नका, खिळ्याला किंवा फळीवर ठेवा. तिच्या वजनानं प्लग सैल होतो. वायर उंदराच्या वाटेवर, जनावरांच्या पायाखाली येऊ देऊ नका.

या कामाला वायरीच्या लांबीप्रमाणे काही हजार रुपये लागतात. लाखांची गाडी घेताना हे पैसे जड वाटतात. पण ते गाडीच्या किमतीतच धरायचे. गाडीचा करार होईल त्याच दिवशी घरात सांगा, आधी भिंत, मग गाडी. आणि काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच घ्या.

हाताची परीक्षा

सगळं नवं केलं तरी पहिले तीन-चार वेळा ही परीक्षा करा. चार्जिंग सुरू करून अर्धा तास झाला की आधी स्विच बंद करा, मग प्लग आणि सॉकेट यांना कोरड्या हातानं स्पर्श करा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नाही इतकं गरम लागलं, वास आला, प्लास्टिक पिवळं पडलं, तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. दोन तासांनी पुन्हा बघा. म्हणूनच म्हटलं, पहिले दिवस जागेपणीच करायचं.

लावायचा क्रम पण ठरलेला. आधी भिंतीचा प्लग, मग गाडीची बंदूक. काढताना उलटं. आधी गाडीची बंदूक, मग स्विच बंद, मग भिंतीचा प्लग. बंदूक चिखलात टाकायची नाही, टोपण लावून टांगायची. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. उन्हातून आलेली तापलेली गाडी लगेच लावू नका. सावलीत तासभर निवू द्या.

आणि नको ते घडलंच, धूर निघाला, तर? त्या सुनेनं केलं तेच. प्लग ओढायला जायचं नाही, मेन स्विच पाडायचा. चालू विजेवर पाणी ओतायचं नाही, सॉकेटवर कोरडी माती किंवा वाळू. गाडीतून धूर येत असेल तर काहीही वाचवायला जाऊ नका. पोरं, म्हातारी माणसं, गुरं लांब न्या आणि ११२ ला फोन करा. मेन स्विच कुठे आहे हे घरातल्या प्रत्येक बाईला, शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक पाहिजे. त्याच्यापुढे खाट, पोतं काही ठेवू नका.

बिल आणि कायदा

लोक विचारतात, घरच्या विजेवर गाडी भरायला परवानगी लागते का? नाही. आपल्या घराच्या जोडणीवर स्वतःची गाडी चार्ज करता येते, हे केंद्र सरकारनं आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेलं आहे. आपल्या राज्याच्या दरपत्रकात पण स्वतःच्या जागेत स्वतःची गाडी भरली तर त्या जागेचाच दर लागतो, म्हणजे घराला घरगुती.

पण बिलावर "मंजूर भार" असा एक आकडा असतो, तो काढून बघा. गावात बऱ्याच घरांचा तो एक किलोवॉट किंवा त्याच्याही आत असतो. चार्जर एकटाच सव्वातीन किलोवॉट मागतो. म्हणून महावितरणच्या कार्यालयात भार वाढवायचा अर्ज द्या. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे जळगाव परिमंडलात येतात. अडचण असेल तर १९१२ या क्रमांकावर फोन करता येतो. आणि भार वाढवला तरी चार्जर, गिझर आणि पाण्याची मोटर एका वेळी चालवू नका.

आता पैसे. घरगुती वीज टप्प्याटप्प्यानं महाग होते. पहिले १०० युनिट स्वस्त, ३०० पर्यंत त्याहून महाग, ३०० च्या पुढे आणखी महाग. समजा तुमचं घर महिन्याला ९० युनिट वापरतं. गाडीचे रोज ११ युनिट, महिन्याचे २६ दिवस, झाले २८६. एकूण ३७६. म्हणजे गाडीची वीज स्वस्त टप्प्यात बसत नाही, ती वरच्या टप्प्यांत जाते. दर दरवर्षी बदलतात, म्हणून आपल्या ताज्या बिलावरचे दर घेऊन हिशेब करा. नुसतं उदाहरण म्हणून युनिटला १० रुपये धरले तर सत्तर किलोमीटरला ११० रुपये, १५ धरले तर १६५. पेट्रोलची छोटी गाडी लिटरला १८ किलोमीटर देते आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर त्याच अंतराला ४०० च्या वर जातात. फायदा आहे. पण विक्रेता सांगतो तेवढा आहे का, हे तुमचं बिल सांगेल. आणि बिल घरखर्चाच्या पैशातून भरलं जातं, पेट्रोल त्याच्या खिशातून जायचं. गाडी आल्यावर पेट्रोलचे वाचलेले पैसे घरखर्चात आले पाहिजेत, हे पहिल्याच महिन्यात बोलून घ्या.

शेतावरच्या पंपाच्या पेटीतून गाडी भरायचा मोह होतो. साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचं बिल २०२४ पासून सरकार भरतं, मग काय जातंय, असं वाटतं. तसं करू नका. ती जोडणी शेतीसाठी मंजूर आहे. मंजूर कामाशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरली तर २००३ च्या वीज कायद्याचं कलम १२६ लागतं आणि दंडाचं बिल येतं. तारेवर आकडा टाकणं ही तर कलम १३५ खाली चोरीच. शिवाय पंपाच्या पेटीला ना आरसीसीबी, ना धड अर्थिंग. गाडी घराच्याच मीटरवर भरा.

ज्यांच्या छपरावर सौर पॅनेल बसतील त्यांना ही वीज आणखी परवडते. पीएम सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. त्यात एक किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किलोवॉट किंवा जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. वर सांगितलेल्या रोजच्या ११ युनिटांना तीन किलोवॉट पुरेल. साक्रीच्या माळावर उन्हावर आणि वाऱ्यावर वीज होते, ती आपण रस्त्यानं जाता-येता पाहतोच. तेच ऊन आपल्या पत्र्यावरही पडतं.

स्कूटरवाल्या मैत्रिणींसाठी

स्कूटरची बॅटरी लहान, साधारण तीनेक युनिटांची, आणि चार्जरही हजार वॉटच्या आतला. त्यामुळे भार वाढवावा लागत नाही. पण अर्थिंग, घट्ट सॉकेट आणि आरसीसीबी तिलाही लागतं. एक गोष्ट मात्र जास्त जपा. रात्री स्कूटर घराच्या एकमेव दारात लावून चार्ज करू नका. काही झालं तर बाहेर पडायची वाटच बंद होते. बॅटरी काढून घरात आणत असाल तर पोरं झोपतात त्या खोलीत नको, कापसाजवळ नको.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपलं वीजबिल घेऊन या. मंजूर भार वाचा, टप्पे वाचा. घरी मेन स्विच शोधा, आरसीसीबी आहे का पाहा. गाडी आज नसली तरी चालेल. अर्थिंग गाडीसाठीच लागतं असं थोडंच आहे? कूलरच्या पत्र्याला हात लावून दरवर्षी उन्हाळ्यात कोणाला ना कोणाला झटका बसतो, त्याला पण हेच औषध आहे. गावातल्या पाच-सात घरांनी मिळून एकाच वेळी काम काढलं तर वायरमनचा फेरा वाचतो, सामानही घाऊक भावात येतं.

त्या माजघरातल्या आजींना नंतर मी भेटले. नवी लाइन बाहेरच्या भिंतीला ओढली होती, कापसापासून लांब. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालायचं काम आजींनी स्वतःकडे घेतलं आहे. मला म्हणाल्या, गाडी पोराची, पण खड्डा माझा.